तहसीलदाराचं टॉनिक

चंद्रपूर,
२६ नोव्हेंबर २०२३

कोलूमामाले सेवा जोहार,

लग्न झाल्यापासून तुम्ही माहे सासरे, पण तुमच्या खांद्यावर बसून मी गावच्या मंडईची जत्रा पाह्यली आहे, मनून पत्रात मामाच लिहितो. सासरे लिहाले गेलो का पेन अडते. फोन लावून लावून थकलो. तुमच्या गावात टॉवर उभा झाला, पण त्याच्यावर नुसते राघूच बसते वाटते. शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. पोस्टातल्या बाईनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं, या जमान्यात याले काय झालं मनून.

यंदाची मंडई मस्त झाली. मी थंडीतबी बिनबाह्याच्या बनियनवर फिरलो ते तुमाले पटलं नाई, ठाऊक आहे. पण मामा, जिममध्ये एवढा घाम गाळला तो काय स्वेटरात झाकून ठेवाले? दिवसभर टाइल्सच्या दुकानात मी लोकाइले या साहेब, बसा साहेब करतो. कोणी नाव विचारत नाई. सांजच्याले जिममध्ये गेलो का पोट्टे माहा दंड हातानं मोजते. आमचे भैयाजी, मनजे जिमचे मालक, मनते का सुनिलच्या पाठीवर चटई टाकून झोपता येते.

आता कामाचं. तुमच्या घरच्या आड्याले, बांबूच्या खाचेत, माही एक पांढरी डबी खोसून राहून गेली. उंदरं नेतीन मनून वरतं ठेवली होती. आतमधी गुलाबी गोळ्या आहे. तेवढी पार्सल करून द्या. तुमच्या पोरीले, रंजीताले, सांगू नका, ते उगाच औषधाले भेते. तसं काही नाई, ताकदीचं व्हिटॅमिन आहे, टॉनिक समजा. एकदम निर्मळ. लहान लेकरालेबी चालते.

दुसरं असं का, माय आता आयकत नाई. लग्नाले चार वर्ष झाले आन घरात पाळणा नाई, मनून दिवसभर भांडे आपटते. मनते, होळीपर्यंत वाट पाहीन, मंग रंजीताले माहेरी पोचवून देईन आन पोराचं दुसरं करीन.  मायच्या तोंडाले कोण लागन? तुमच्या जंगलात रंजीतासाठी एखादी जडी असन तं पाहा. तिले लागू पडली तं सगळाच कटकटीचा कारभार मिटन.

तुमचा भाचा आन जावई, एकच माणूस,
सुनिल

•

कुसुमटोला, ता. धानोरा,
१४ डिसेंबर २०२३

सुनिल बाबू,

तुहं पत्र मिळालं. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेलं आज कामी आलं, नाई तं मास्तराले मी उगाच इतके वर्ष शिव्या दिल्या.

डबी सापडली. तू लिहिलं का निर्मळ आहे, लहान लेकराले चालते. मंग मी विचार केला, लेकराले चालते तं कोंबड्याले काऊन नाई चालणार? आपला तहसीलदार तुले ठाऊकच आहे. नाव मीच ठेवलं त्याचं. काम काही करत नाई, पण निघाला का सगळे बाजूले सरते. यंदा पिसं गळून अगदी बारका झाला होता. झुंजीचा कोंबडबाजार तोंडावर आला, आन दसरू, आपला शेजारी, मले हासून राह्यला होता. मनून रोज तांदळाच्या कणीत तुही गोळी थोडी थोडी कुटून देतो. आता तं तो असा चालते, जसा वाळूचा ट्रक पकडाले निघाला. त्यानं दोन पोरसवदा कोंबडे गावाच्या भायेर हाकलून देल्ले. डबी आता पाठवता येत नाई. उलट संपत आली, आणखी असन तं धाडजो.

तुह्या मामीनं, नीलाबाईनं, सांगतलं ते लिहितो, राग नको मानू. ते मनते, जावयाचे दंड भोपळ्यावानी आहे, पण धानाचे भारे वाहताना दुसऱ्या खेपेलेच बांधावर बसला. ती साठीची बाई तुह्या पुढून डोक्यावर भारा घेऊन गेली. तवा हे टॉनिक कुठी जाते, ते तिले समजलं नाई.

पोरीचं वाचून जेवण गेलं नाई बाबू. वच्छलाबाई, तुही माय, माही सख्खी बहीण. मीच मोठ्या तोंडानं मनलं होतं का माही पोरगी तुह्याच घरी देतो, रीत आहे आपली. आता माह्याच पोरीत खोट निघाली मनून तिच्यापुढे मान वर होत नाई. जडी पाठवून राह्यलो. पहाटे उपाशीपोटी उगाळून प्याले सांगजो. कडू जहर आहे, नाक दाबून प्या लागते. आमच्या आजीच्या वेळेपासून चालत आली आहे.

तुहा मामा,
कोलू

•

चंद्रपूर,
६ जानेवारी २०२४

मामा,

तुम्ही हे काय करून बसले? ते माणसाचं औषध आहे, पाखराचं नाई. ताबडतोब बंद करा. काही होत नाई तसं, पण कोंबड्याले सोसणार नाई. उरलं असन ते मातीत पुरून टाका, कोणाले दाखवू नका. आरोग्य केंद्राच्या बाईले तं बिल्कुल नाई.

माहं मनाल तं अडलं नाई काही. भैयाजी मनते, गोळ्या मनजे बालवाडी, तू आता कॉलेजात आला. आता ते डायरेक्ट तेलाची सुई देते. शरीर असं भरून राह्यलं का दुकानात शर्टाची गुंडी उडून एका गिऱ्हाइकाच्या चहात पडली. पाठीवर फोड आले आहे थोडे. छातीत एका बाजूनं गाठीवानी दुखते, पण भैयाजी मनते मसल फुटून राह्यला, चांगलं लक्षण आहे.

जडी रंजीता पेते. पेताना डोळ्यातून पाणी येते तिच्या, पण एक दिवस चुकवत नाई. मधात ते मले दवाखान्यात घेऊन गेली होती. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरीण मनली हिच्यात काही दोष नाई, आता तुमची एक तपासणी करून घ्या. मामा, तुम्हीच सांगा, हा दंड पाहून कोणी मनन का याची तपासणी करा मनून? बाकावर बसलेले लोक मान वळवून पाहाले लागले. मी गाडी चालू केली आन निघून आलो. रंजीता मागून ऑटोनं आली. तवापासून ते माह्याशी कामापुरतं बोलते. मायले डॉक्टरणीचं काही पटत नाई. ते मनते, कागदावर दोष नसला तं पोटात लेकरू काऊन नाई?

डोकं लय तापते आजकाल. परवा ताट भिंतीवर गेलं. भाजीत मीठ कमी होतं, एवढंच. मंग मलेच रडू आलं, ते कोणाले सांगू नका.

सुनिल

•

कुसुमटोला,
२ फेब्रुवारी २०२४

सुनिल बाबू,

तुहं पत्र येईपर्यंत डबी संपून गेली होती, मनून पुरण्याचा प्रश्न आला नाई.

आनंदाची बातमी पहिले. तहसीलदारानं कोंबडबाजारात दसरूच्या मेहुण्याचा कोंबडा असा लोळवला का तो माणूस कोंबडा तसाच टाकून निघून गेला. आम्ही पायाले कातीचं पातं बांधत नाई, नुसत्या पायाचा खेळ, तरीबी. लोक विचारून राह्यले का चारता काय. मी मनलं, जावयाचं टॉनिक. तुहं लय नाव झालं इकडे.

पण बाबू, घरी त्याच्यासंग राहणं कठीण झालं. मामीच्या लुगड्याले चोच मारते. पोस्टमनवर धावून गेला, ते तुहं मागचं पत्र त्यानं कुंपणावरूनच फेकलं. पाण्याच्या गंजात सोताचं तोंड पाहून पाहून फुगते आन पंख झाडते. मामी मनते, याले पाह्यलं का जावयाची आठवण येते.

आन माद्याइकडे तं तो पाहतच नाई. पहिले कसा, त्याइले भुलवाले एक पंख पाडून भवती फिरे. आता मधातून असा जाते जसा ओळखतच नाई. तरी मी मनलं, मोठा साहेब झाला, असते. मंग कबरी कोंबडी खुडूक झाली. मामीनं तिच्याखाली अंडे ठेवले. कबरी बिचारी दाणा सोडून बसली, अंगाची काडी झाली. दिवस भरले तरी एकबी अंडं फुटलं नाई. फोडून पाह्यलं तं सगळे पोकळ, आतमधी जीवच धरला नाई. मी मनलं, कबरीतच खोट आहे, खाऊन खाऊन माजली. कापली तिले. रस्सा चांगला झाला होता.

मामीनं घास नाई घेतला. रात्रभर पाठ करून झोपली. दुसऱ्या दिवशी मी लाल कोंबडीखाली अंडे ठेवले, तं मामीनं पांढरी कोंबडी टोपलीत टाकली आन दसरूच्या घरी नेऊन सोडली. मी विचारलं, काऊन व? तं मनते, पाहाचं आहे मले. दसरूचा कोंबडा तुले आठवते का? मान उघडी, शेपटीले तीन पिसं, बांग देताना खोकलते. त्याच्याकडे काय पाहाचं आहे, तिलेच ठाऊक.

रंजीताले सांगजो, जडी सोडू नको. मी नवीन खणून ठेवली आहे.

कोलू

•

चंद्रपूर,
२५ फेब्रुवारी २०२४

मामा,

घाईत लिहितो. मायनं पक्कं केलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी ते रंजीताले घेऊन तुमच्याकडे येते. तिकडून एकटीच वापस येणार. वरोऱ्याकडची एक पोरगी तिनं पाहूनबी ठेवली. मी मनलं, माय थोडं थांब, तं मनली, तू चूप, तुहा काय दोष आहे त्याच्यात? मी चूप बसलो.

 रंजीतानं पेटी काढून उन्हात ठेवली, झुरळं निघाले पायजे मनून. मामा, ते पेटी दिवसभर अंगणात उघडी होती आन मी दोनदा तिच्यावरून उडी मारून जिममध्ये गेलो. मले ते बरोबर वाटलं नाई, पण काय करू ते समजत नाई.

तुमच्या कोंबडीचं वाचलं. त्या पोकळ अंड्याइचं मायले कळवू नका. असंच मनतो.

सुनिल

•

कुसुमटोला,
१५ मार्च २०२४

वच्छलाबाई,

मोठ्या भावाचा आशीर्वाद. तुले वाचता येत नाई आन घरातले सगळे पत्रं माही पोरगीच तुले वाचून दाखवते, हे मले ठाऊक आहे. मनून हे पत्र तुह्या नावानं धाडलं. रंजीता, बाई, पुरं वाच, मधात थांबू नको. आन सुनिल घरी असन तवाच वाच, त्याले समोर बसव.

वच्छले, मोहाचे फुलं पडून राह्यले. पहाटेपासून आम्ही दोघंबी झाडाखाली आहो. तुही वहिनी वेचता वेचता माह्याशी बोलत नाई, ते काऊन बोलत नाई तेच तुले सांगतो.

मी यंदा दोन कोंबड्या कापल्या. पहिले कबरी, मंग लाल. दोघी अंड्यावर बसल्या, दोघींचे अंडे पोकळ निघाले. मी मनलं कोंबड्याइतच खोट आहे. माह्या तहसीलदाराकडे पाहून कोणी दुसरं काय मनन? असा कोंबडा धानोऱ्यापर्यंत नाई. छाती पाहा, तुरा पाहा. तिसरी पांढरी. तिले नीलाबाई दसरूच्या घरी सोडून आली होती, त्या खोकलणाऱ्या कोंबड्यासंग. मागच्या आठवड्यात दसरूची बायको हाका मारत आली. जाऊन पाह्यलं तं पांढरीच्या पंखाखालून पिल्लंच पिल्लं. एकबी अंडं वाया गेलं नाई. एकाच घरचे दाणे खाल्लेल्या तिघी बहिणी होत्या त्या.

मी पिल्लं दोनदा मोजून घरी आलो. नीलाबाई मनली, कोंबड्या दोन खाल्ल्या तुम्ही, आता पोरगीबी खाऊन राह्यले. मी विचारलं, मनजे? तं तिनं ते रिकामी पांढरी डबी माह्या हातावर ठेवली. चुलीमागून उचलून ठेवली होती तिनं.

त्या डबीतलं टॉनिक मी तहसीलदाराले चारलं. ते टॉनिक तुह्या पोराचं आहे, बाई. आड्याले लपवून ठेवलं होतं त्यानं. जावई मले लिहिते का निर्मळ आहे, लेकराले चालते. आमच्या इथी तं त्याच्यानं लेकरूच येत नाई.

मी डॉक्टर नाई. आरोग्य केंद्राच्या बाईले डबी दाखवली, तिनं कपाळाले हात लावला आन मनली, अशा गोळ्याइनं माणसाचंबी तेच होते, आधी त्याले तपासाले सांगा. तवा होळीले येजो, पुरण खाजो, पण माही पोरगी सोडाले येऊ नको. सोडाचीच असन तं पोराची तपासणी करून ये. रीत आपली आहे, मनून मी तुले पोरगी देल्ली. कोंबडीवानी कापाले नाई देल्ली.

तुहा भाऊ,
कोलू

•

चंद्रपूर,
२० एप्रिल २०२४

बाबा आन माय,

तुमचं पत्र मी पुरं वाचलं. मधात थांबली नाई, बाबा. फक्त लाल कोंबडीची ओळ दोनदा वाचली.

तवा तुमचे जावई जिमवरून येऊन उकडलेले अंडे सोलत बसले होते. पांढरं सोताले, पिवळं आत्याले, रोजचंच. आत्या चवळी निवडत होती. वाचता वाचता मी पाह्यलं, तं त्याइच्या हातातलं अंडं तसंच अर्धं सोललेलं. पत्र संपलं. मंग आत्यानं सूप खाली ठेवलं आन विचारलं, "सुनिल, तू ते खातो का?"

ते मनले, सगळेच खाते. आत्या मनली, सगळ्याइचं मी नाई विचारलं. तवा ते उठले, हेल्मेटच्या आतमधून कपड्यात गुंडाळलेल्या काचेच्या लहान शिशा काढल्या आन आत्याच्या सुपात ठेवल्या, चवळीवर. एवढा मोठा माणूस, आन बनियन ओढून छाती झाकत होते. छातीवर बाईवानी गाठ आली आहे त्याइच्या. मले ते कवाचंच दिसत होतं. मी बोलली नाई, कारण माहंबी कोणी आयकत नव्हतं.

तपासणीले मी संग नाई गेली. मी मनलं, ऑटोनं जा, मी गेली होती तसं. एकटेच गेले. अहवालात काहीच नाई निघालं, मनजे जे पायजे ते एकबी नाई. डॉक्टर मनले, सुया-गोळ्या घरच्या घरी सोडू नका, आमच्या देखरेखीत सोडा. महिने लागतीन, वर्षबी लागन. वापस येऊ शकते, पण लिहून देत नाई. भैयाजीचा फोन आला होता, त्याइनं सांगतलं का तुहा आहारच कमजोर आहे. ह्याइनं फोन ठेवून देल्ला आन नंबर काढून टाकला. आता दंड उतरून राह्यले. रात्री आरशाजवळून जाताना मान खाली घालते. दुकानात मात्र कोणालेच फरक पडला नाई, लोक पहिलेबी टाइल्सच पाहाले येत होते.

ते रडले माह्यापुढे. मनले, माय दोष तुले देत होती आन मी चूप बसलो, कारण तवा माह्याकडे कोणी बोट नाई दाखवत होतं. हे खरं बोलले, मनून तुमाले लिहून राह्यली. पण माफ केलं असं मी अजून मनलं नाई. आत्यानंबी माफी नाई मागितली. ते फक्त सकाळचा चहा पहिले मले देते आता, आन वरोऱ्याच्या पोरीचं नाव काढत नाई.

बाबा, एक तुमालेबी मनाचं आहे. तुमची जडी मी थंडीभर पेली. उपाशीपोटी, नाक दाबून. गोळ्या त्याइनं खाल्ल्या आन कडू मी पेली. तुम्ही बाप आहे माहे, तुमालेबी पहिले माह्यातच खोट दिसली. कबरी आन लालले कापाच्या आधी तुम्ही कोणाले विचारलं? मायनं विचारलं, मनून मी आज इथी बसून पत्र लिहून राह्यली.

होळीले मी आली नाई, कारण पोचवून देल्लेली येणार नव्हती. आता तेंदूपत्ता सुरू झाला का येते. माह्या मनानं येते, पानं तोडाले. ह्याइले संग नाई आणत. तिकडून वापस याचं का नाई, ते तिथी बसून ठरवीन. आत्याले तसं सांगून ठेवलं आहे. पेटी अजून आत नेली नाई.

मायनं निरोप धाडला का तुम्ही तहसीलदाराले कापाले निघाले. कापू नका. त्याचा काय गुन्हा, त्याले जे चारलं ते त्यानं खाल्लं. गोळी बंद, कणी आन पाणी चालू ठेवा, पाहू पंख पाडते का. पण तवापर्यंत कोंबड्या दसरूभाऊकडेच राहू द्या. वापस याचं का नाई, ते त्याइले ठरवू द्या.

तुमची,
रंजीता